रोल सरकतोय का?

ओली फिल्म मामांनी न्हाणीघरातल्या दोरीला चिमट्यानं अडकवली, खालच्या टोकाला वजनासाठी दुसरा चिमटा लावला आणि मागे बल्ब धरला. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबापाशी माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. त्याचे छत्तीस फोटो त्या पट्टीवर असायला हवे होते. सकाळपासून मी रस्त्याच्या कडेला जागा धरून बसले होते. दुपारी वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे दौडत आले, टाळांचा आवाज छातीत घुमायला लागला आणि मी एकामागून एक फोटो काढत राहिले.

बल्बच्या उजेडात फिल्म वरपासून खालपर्यंत स्वच्छ होती. घोडा नाही, पताका नाही, डोक्यावर तुळस घेतलेली एकही बाई नाही. वरच्या टोकाला काळी जीभ, तिच्या लगत एक काळीकुट्ट चौकट आणि त्यापुढे जवळजवळ दीड मीटर नुसतं कोरं.

मामांनी चाळीस वर्षं साताऱ्यात स्टुडिओ चालवला. कॅमेरा त्यांचाच, पेंटॅक्स के-१०००. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो मला दिला. त्या रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसून आम्ही जे बोललो ते आठवेल तसं इथं लिहिते आहे. आमचं सगळ्या गोष्टींवर पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

मामा : केमिकल ठीक होतं.

मी : कशावरून? सगळी कोरी आलीय.

मामा : काठ बघ. भोकांच्या बाहेरच्या बाजूला आकडे उमटलेत. कंपनीचं नाव वाचता येतंय. ते कारखान्यातच उजेडानं टाकलेलं असतं, पण डेव्हलपर लागल्याशिवाय दिसत नाही. काठसुद्धा कोरा असता तर दोष माझा, म्हणजे डेव्हलपर मेलेला किंवा मी आधी हायपो ओतला. अख्खी पट्टी काळी असती तर कॅमेऱ्यात उजेड शिरला. इथं काठ नीट आलाय आणि मधला भाग कोरा. म्हणजे या फिल्मपर्यंत उजेड पोचलाच नाही.

मी : मग शटर अडकलं असेल. कॅमेरा जुना आहे.

मामा : शटर उघडलं नसतं तर ही काळी चौकट कुठून आली? हिच्या चारी कडा बघ कशा सरळ आहेत. उजेड शिरून काळी झालेली जागा अशी रेघ मारल्यासारखी संपत नाही. शटर उघडलं, छत्तीसच्या छत्तीस वेळा उघडलं. फक्त दर वेळी समोर हाच तुकडा होता. तू पाठ मिटलीस, लिव्हर ओढलीस, फिल्म एक घर सरकली आणि जीभ पलीकडच्या स्पूलातून निसटली. तुझं सगळं रिंगण या एका घरात आहे.

मी ती चौकट बराच वेळ बघत राहिले. पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी जागा. बल्ब अगदी मागे धरला तरी तिच्यातून काही दिसत नव्हतं.

मी : पण काउंटर पुढे जात होता, मामा. मी बघत होते. एक, दोन, दहा, वीस. छत्तीसच्या पुढेसुद्धा लिव्हर ओढली जात होती. मला वाटलं दोन-तीन फोटो वरचे मिळाले.

मामा : तिथंच थांबायचं होतंस. रोल छत्तीसचा असला की छत्तीस, फार तर अडतीस. मग लिव्हर अर्ध्यात अडते, कारण फिल्म संपते आणि दुसरं टोक कॅसेटच्या स्पूलाला घट्ट असतं. अडलीच नाही, तर आत ओढायला काही नाहीये असं समजायचं. आणि काउंटरवर कशाला विसंबलीस? तो तुझ्या अंगठ्याचे फेरे मोजतो. कॅमेऱ्यात रोल नसला तरी तो छत्तीसपर्यंत जातो.

मी : मग कशावर विसंबायचं?

मामा : डाव्या नॉबवर. तुला दिला तेव्हा सांगितलं होतं.

सांगितलं होतं हे खरं आहे. रोल भरताना काय करायचं ते त्यांनी दोनदा करून दाखवलं होतं आणि मी मान डोलावली होती. आता त्यांनी रिकामा कॅमेरा मांडीवर घेतला आणि तिसऱ्यांदा दाखवलं. डावी नॉब वर ओढली की पाठ उघडते. कॅसेट डावीकडच्या खोबणीत, नॉब पुन्हा खाली. जीभ उजवीकडे ओढून स्पूलाच्या फटीत. मग पाठ उघडीच ठेवून लिव्हर हळू ओढायची. जीभ अर्ध्या रुंदीची कापलेली असते, त्यामुळे सुरुवातीला एकाच बाजूची भोकं दात्यांवर बसतात. पूर्ण रुंदीची फिल्म येऊन दोन्ही बाजूंची भोकं दोन्हीकडच्या दात्यांवर बसलेली डोळ्यांना दिसली की मगच पाठ मिटायची. इथं मी घाई केली होती. एका बाजूचे दाते बसलेले दिसले आणि मी झाकण लावलं, कारण ऊन होतं, मागून दिंडी येत होती आणि फिल्मला उजेड लागेल अशी भीती वाटत होती.

मामा : उजेड लागू दे की. जीभ काळी होणारच असते, तिचं तेच काम. चार-पाच बोटं फिल्म गेली तर गेली. पाठ मिटल्यावर नॉबवरचं छोटं हँडल उघडायचं आणि बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवायचं. फिल्मचा ताण बोटाला लागला की थांबायचं, जोर करायचा नाही. आतली ढिलाई निघाली. आता लिव्हर ओढ आणि नॉबकडे बघ. ती बाणाच्या उलट फिरली पाहिजे. कॅसेटचा दांडा आणि नॉब एकाच काट्यानं जोडलेले असतात. फिल्म बाहेर निघाली की दांडा फिरतो, दांडा फिरला की नॉब फिरते. या अख्ख्या कॅमेऱ्यात रोलची खरी बातमी बाहेर आणणारी ही एकच वस्तू आहे.

मी : मामा, मी एक बोलू? राग नका मानू. हे सगळं बरोबर आहे, पण मी फिल्मकडे आले तीच तपासत बसायचा कंटाळा येऊन. मोबाइलवर एक फोटो काढला की लगेच बघायचा, पुसायचा, परत काढायचा. समोरचं माणूस तोवर निघून जातं. फिल्मवर ते नाही. काढला, झालं, पुढे. काय आलंय ते आठवड्यानं कळणार. मला ते न कळणं आवडतं. आता तुम्ही म्हणता दर फोटोला नॉब बघ. म्हणजे तो स्क्रीन पुन्हा आलाच, फक्त पितळेचा.

मामा लगेच काही बोलले नाहीत. हायपोचा वास खोलीभर होता. ते उठले, टँक धुतला, पालथा घातला आणि परत येऊन बसले.

मामा : तू दोन गोष्टी एकात मिसळतेस. फोटो कसा आला हे न कळणं, ते ठीक. मलाही चाळीस वर्षं कळलं नाही. नवरीनं डोळे मिटले का, घोड्याचा पाय हलला का, उजेडाचा अंदाज चुकला का, ते डार्करूममध्ये कळायचं. त्यात मजा होती, मी नाही म्हणत नाही. पण फोटो निघतोय की नाही हेच माहीत नसणं ही निराळी गोष्ट आहे. पहिल्यात तुझी नजर आहे, तुझा निर्णय आहे, मग जे येईल ते येईल. दुसऱ्यात तू नुसती टकटक वाजवत उभी होतीस. तुझ्याकडे फिल्म असून फिल्म नव्हती.

मी : तरी मी तिथं होते. घोडे मी पाहिले. नॉब बघत बसले असते तर तेही पाहिले नसते.

मामा : पहिल्या तीन ओढींना बघायचं. तेव्हा घोडे आलेले नसतात. तू रोल कधी भरलास?

मी : दुपारी. रिंगणाच्या तासभर आधी.

मामा : मग तासभर होता तुझ्याकडे.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यांच्या सगळ्याच म्हणण्याला मी मान्यता दिली नाही, कारण नॉबवरची त्यांची श्रद्धा मला पूर्ण पटत नव्हती. पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीनं पहिला रोल भरला, लिव्हर ओढली, नॉब हलली नाही. घाबरून तिनं भर गच्चीवर पाठ उघडली. रोल अगदी नीट बसलेला होता. तिनं ढिलाई काढली नव्हती, एवढंच. कॅसेटच्या आत फिल्म सैल गुंडाळलेली असली तर पहिल्या एक-दोन ओढींत नुसती ती सैल गुंडाळी आवळते आणि दांडा जागचा हलत नाही. तिच्या बाबतीत नॉबनं चुकीची भीती घातली. मी मामांना ते सांगितलं.

मी : नॉब फिरली नाही म्हणजे रोल बसला नाही असं होत नाही. आणि फिरली म्हणजे सगळं ठीक असंही होत नाही. मग तपासून नेमकं काय कळलं?

मामा : नॉब फिरली नाही तर पाठ उघडायचीच नाही मुळी! हँडल धरून बाणाच्या दिशेनं पुन्हा हलकेच फिरवून बघायचं, खालचं रिवाइंडचं बटण न दाबता. अर्ध्या-एक फेऱ्यात ताण लागला तर फिल्म दात्यांत आहे, ढिलाई होती. फिरतंच राहिलं, काही लागेचना, तर जीभ निसटलीय. तरी शंका उरली तर काळी पिशवी. पिशवी नसेल तर रात्री खोली बंद करायची, दिवे घालवायचे आणि गोधडीखाली हात घालून बोटांनी चाचपायचं. आम्ही लॉजवर असंच करायचो.

मी : म्हणजे नॉब बघणं पुरेसं नाही. नॉब काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कळलं पाहिजे.

मामा : हं. हे बरोबर बोललीस.

मी : आणि नॉब फिरत असूनही रोल गेला, असं तुमचं कधी झालं नाही?

ते गप्प झाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, मामीनंही ऐकलं नसावं.

ऐंशीच्या दशकात तयार रोल महाग पडायचे. स्टुडिओवाले शंभर फुटांचा डबा आणायचे आणि अंधारात बसून जुन्या कॅसेट पुन्हा भरायचे; एका डब्यात छत्तीसचे अठरा-एकोणीस रोल निघायचे. फिल्मचं टोक कॅसेटच्या दांड्याला चिकटपट्टीनं चिकटवायचं. मामांनी असाच भरलेला रोल घेऊन एका बारशाचे फोटो काढले. पाळणा, गोप्या, मांडीवर बाळ घेऊन बसलेली पणजी. नॉब शेवटपर्यंत नीट फिरत होती, ते दर फोटोला बघत होते. छत्तिसाव्या फोटोला लिव्हर अडायला हवी होती, ती अडली नाही, थोडी जड होऊन पुढे गेली. चिकटपट्टी सुटली होती आणि फिल्म दांड्यावरून निघून जवळजवळ सगळी पलीकडच्या स्पूलावर गेली होती. त्यांनी खालचं बटण दाबलं, हँडल फिरवलं. हँडल हलकं फिरलं. रोल आत गेला असं समजून दिवाणखान्याच्या उजेडात त्यांनी पाठ उघडली.

मामा : समोर फिल्म. दोन्ही बाजूंना दाते, मधे माझं बारसं, वर ट्यूबलाइट. मी पाठ लगेच मिटली, पण काय उपयोग. मी रोल भरताना तपासला होता, काढताना तपासला नाही. भरलेला रोल गुंडाळताना पंचवीस-तीस फेरे लागतात, बोटाला सतत ओढ लागते आणि शेवटी जीभ सुटताना एक हिसका बसतो. तो हिसका आला नव्हता. मी घाईत होतो.

मी : मग?

मामा : दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं. चिडले नाहीत. बाळाच्या आईनं पुन्हा तीच साडी नेसली, शेजारणींना बोलावलं, पाळणा पुन्हा बांधला. सगळे फोटो परत काढले, पैसे घेतले नाहीत. फक्त पणजी आदल्या संध्याकाळीच एसटीनं गावाला गेली होती. ती पुढे साताऱ्याला परत आली नाही.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. फिल्मच्या खालच्या चिमट्यावरून अजून थेंब गळत होता.

मामा : तू म्हणशील रोल तुझा, नुकसान तुझं. मला ते म्हणता येत नव्हतं. माझ्या कॅमेऱ्यात कायम दुसऱ्याचं काहीतरी असायचं.

आणि इथं मला खिशातला कागद आठवला. रिंगण उरकल्यावर परभणीकडच्या एका दिंडीतल्या म्हाताऱ्या बाईंचा मी फोटो काढला होता. सावलीला बसून त्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या, पायात चप्पल नव्हती आणि टाचेवर चिंधी बांधलेली होती. फोटो काढल्यावर त्यांनी विचारलं, धाडशील का? आणि बरोबरच्या मुलाकडून गावाचं नाव, तालुका, जिल्हा लिहून माझ्या हातात दिलं. आयुष्यात आपला असा एकट्याचा फोटो नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी मामांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि माझ्या हातात परत दिला. बोलले काहीच नाहीत, आणि तेवढा वेळ मलाही काही बोलता आलं नाही.

तरीही मी माझा मुद्दा सोडला नाही, आणि आजही सोडलेला नाही. रोल सरकतोय की नाही ही चिंता फोटो काढणाऱ्याच्या माथी का असावी? ती यंत्राच्या माथी मारता येत होती, आणि लोकांनी मारून पाहिलीही होती. मामांनाच त्यातलं बरंचसं माहीत होतं.

मी : तुमच्या त्या जुन्या क्लिक थ्री कॅमेऱ्यामध्ये हा प्रश्नच नव्हता ना?

मामा : नव्हता. तिच्यात एकशेवीसचा रोल, मागे काळा कागद, कागदावर आकडे, आणि पाठीला लाल काचेची बारीक खिडकी. रोल फिरवत जायचं, खिडकीत एक आला की फोटो, दोन आला की दुसरा. बारा फोटो. त्या खिडकीत रोलचा स्वतःचा आकडा दिसायचा. याहून खरं काय असणार? माझा पहिला कॅमेरा तोच. घराघरात होता तेव्हा. फक्त भर उन्हात खिडकीवर अंगठा ठेवायचा. फार जुन्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही म्हणून ती काच लाल; नंतरच्या फिल्मला लालही दिसतो.

मी : आणि स्टुडिओतली याशिका-मॅट?

मामा : तिच्यात कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेला जुळवायचा, पाठ मिटायची आणि दांडी अडेपर्यंत फिरवायची. बाण चुकला तर पहिला किंवा शेवटचा फोटो जायचा. बाराच्या बारा जाताना मी तरी पाहिलं नाही. रोलायफ्लेक्सवाले त्याच्याही पुढचे. त्यांनी १९३७ सालीच असा कॅमेरा काढला, की कागद दोन रुळांमधून घालायचा. कागदाला फिल्म चिकटलेली जागा आली की जाडी वाढते, रूळ ती ओळखतो आणि तिथून मोजणी सुरू होते. पण कागद रुळांमधून घालायचा राहिला तर त्यालाही काही कळत नाही, रोल नुसता फिरत जातो. म्हणजे तिथंही हात माणसाचाच.

मी : पस्तीस एमएमची अडचण तीच आहे. मागे कागद नाही, खिडकी नाही. सिनेमाची फिल्म घेऊन तिचा फोटोचा कॅमेरा केला, लायका १९२५ मध्ये बाजारात आला, आणि आत काय चाललंय ते बघायची सोय त्यात राहूनच गेली.

मामा : लायकात तर पाठसुद्धा उघडायची नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याकडे जुना लायका होता. खालचं झाकण काढायचं आणि रोल बुडातून वर सरकवायचा. त्यासाठी जीभ कात्रीनं लांब कापायची, दहा सेंटीमीटरच्या आसपास. आखूड राहिली तर फिल्म आत अडकायची, भोकांचे तुकडे पडायचे. ते दर फोटोला नॉबवर नजर टाकायचे. पुढच्या लायकांमध्ये नॉबवर दोन लाल ठिपके दिलेले असायचे, फिरतेय ते लांबून दिसावं म्हणून. कंपनीलाही ठाऊक होतं लोक कुठं बघतात ते.

मी : कोडॅकनं १९६३ मध्ये आपली इन्स्टामॅटिक काढली. कार्ट्रिज टाकायचं, बंद करायचं, जीभ नाही, स्पूल नाही. कॅननचं क्यूएल आलं, त्यात जीभ नुसती खुणेपर्यंत आणून ठेवायची, पाठ मिटली की पत्रा तिला दाबून धरतो. मिनोल्टाच्या काही कॅमेऱ्यांत बारीक खिडकी होती, फिल्म सरकली की लाल पट्टी दिसायची. सगळ्यांना कळत होतं की लोकांचे रोल कोरे जातात. मग तुमच्या पेंटॅक्सनं १९७६ ते १९९७ हाच कॅमेरा फारसं काही न बदलता का विकला?

मामा : कारण त्यात नॉब होती!

हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता.

मामा : एवढी वर्षं विकला, शिकणाऱ्या पोरांनी विकत घेतला, तो उगाच नव्हे. त्यात लपवलेलं काही नाही. तू म्हणतेस ती खिडकी, तो पत्रा, सगळं चांगलं आहे. पण पत्रा झिजला की तुला काही कळत नाही, कारण बघायची सवयच गेलेली असते. नॉब झिजून खोटं बोलायला लागली असं मी पाहिलं नाही. आत फिल्म हलली तर ती हलते.

मी : चिकटपट्टी सुटेपर्यंत.

मामा : चिकटपट्टी सुटेपर्यंत. बरोबर. पण सुटली तेव्हाही नॉब खरंच बोलत होती. हँडल हलकं लागलं, ते मला सांगत होतं. मी ऐकलं नाही.

आमच्यात फरक उरला तो इथं. त्यांच्या मते प्रत्येक फोटोला नॉबकडे बघायचं, आणि कालांतरानं ते बघणं श्वासासारखं होतं, समोरच्या माणसावरून लक्ष हटत नाही. त्यांच्या बाबतीत ते खरं आहे. मी त्यांना लग्नांत काम करताना पाहिलंय, लिव्हर ओढताना त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट आपोआप नॉबच्या कडेवर जातं. माझ्या बाबतीत ते खरं होणार नाही. मी कॅमेरा डोळ्यापासून न काढता लिव्हर ओढते, डावा हात लेन्सखाली असतो आणि मला तो तिथंच हवा आहे. रोल भरल्यावर तीन ओढी मी बघीन. छत्तीसला लिव्हर अडते का ते बघीन. गुंडाळताना ओढ आणि शेवटचा हिसका बोटाला लागेपर्यंत पाठ उघडणार नाही. मधले तीस-बत्तीस फोटो मात्र माझे. त्यांच्यात मी नॉब येऊ देणार नाही. फिल्म मधेच फाटली, भोकं तुटली, तर तो रोल जाईल आणि ते मी सोसेन. मामांना हे मान्य नाही. निदान दर दहाव्या फोटोला, असं ते म्हणतात.

काळ्या चौकटीवरूनही आमचं पटलं नाही. मला ती कापून जपून ठेवावीशी वाटली. सगळे घोडे, सगळ्या रांगा, त्या म्हाताऱ्या बाई, सगळं एकमेकांवर पडून तिथं आहे. एका अर्थानं रिंगणाचा तो एकुलता एक फोटो आहे. मामा म्हणाले, तो फोटो नाही, छत्तीस फोटो पुसून झालेली जागा आहे आणि तिला सुंदर म्हणू नकोस. ते कडक बोलले. मी तरीही ती कापली. आता ती माझ्या डायरीत त्या पत्त्याच्या कागदाशेजारी आहे.

उरलेली कोरी पट्टी मी केराच्या डब्यात टाकायला निघाले तेव्हा त्यांनी हात धरला. कपाटातून एक जुनी रिकामी कॅसेट काढली. पट्टी वाळल्याची खात्री केली, तिचं टोक दांड्यावर ठेवून चिकटपट्टी एका बाजूनं वर आणली, दांड्याभोवती फिरवून दुसऱ्या बाजूला बसवली, आणि दोन्ही बोटांत धरून जोरात ओढून पाहिली. दुसऱ्या टोकाला कात्रीनं जीभ कापली. कॅसेट बंद करून माझ्यापुढे ठेवली.

मामा : ही आता उजेडाला भीत नाही. पाठ उघडी ठेव आणि भर. पन्नास वेळा भर. काय होतं ते बघ.

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. जीभ फटीत घातली, लिव्हर ओढली, दाते बसताना पाहिले, डावी नॉब उलट फिरताना पाहिली. बाहेर काढलं, पुन्हा घातलं. सहा वेळा सगळं नीट झालं. सातव्या वेळी जिभेचं टोक किंचित मुडपलेलं होतं आणि ते फटीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर गेलं होतं. पहिल्या ओढीला ते स्पूलाबरोबर वळलं, दुसऱ्या ओढीला फटीच्या कडेवरून हळूच वर सरकलं आणि बाहेर येऊन तसंच उभं राहिलं. स्पूल त्याच्याखाली रिकामा फिरत राहिला, डावी नॉब जागेवर होती. मी मामांना हाक मारली. ते येऊन शेजारी उभे राहिले आणि मी लिव्हर पुन्हा एकदा ओढली.